‘किती वेळ गेला, आज्जी?’ : बहुदेशीय वेळ-संशोधनाचं केंद्र सांगलीत चालवायचं तर

परदेशातल्या एखाद्या विद्यापीठातून ईमेल येतो. माणसांना वेळ कसा जाणवतो यावर वीसेक देशांत एकाच पद्धतीनं अभ्यास करायचा आहे, तुमच्या भागातून शंभर-दीडशे माणसं मिळतील का, अशी विचारणा असते. विभागात पेढे वाटले जातात. सहा महिन्यांनी मात्र कपाटात अर्धवट भरलेल्या प्रश्नावल्यांचे गठ्ठे आणि लॅपटॉपवर निम्म्या तारखा चुकलेली एक फाइल, एवढंच उरतं. सांगली-मिरज पट्ट्यात हे काम मी दोनदा केलंय. पहिल्यांदा फसलं, दुसऱ्यांदा बऱ्यापैकी जमलं. मानसशास्त्राचे शिक्षक आणि एम.ए.च्या प्रकल्पाला विषय शोधणारी पोरं डोळ्यांपुढे ठेवून ते सगळं क्रमानं लिहितो.

पायरी १ : कोणता ‘वेळ’ मोजायचा, ते आधी विचारा

‘वेळेची जाणीव’ या एका नावाखाली निदान चार वेगळी कामं चालतात आणि पहिल्या ईमेलमध्ये ती हमखास एकमेकांत मिसळलेली असतात.

एक, सेकंदांचा अंदाज. हे सर्वांत जुनं. कार्ल फिरॉर्ट या जर्मन शास्त्रज्ञानं १८६८ मध्येच दाखवलं होतं की माणूस छोटं अंतर असतं त्यापेक्षा मोठं सांगतो आणि मोठं अंतर लहान करून सांगतो. दोन, वेळेकडे बघण्याची वृत्ती : कोण मागच्यात रमतं, कोण आजचं बघतं, कोण पुढची बेगमी करतं. फिलिप झिम्बार्डो आणि जॉन बॉइड यांची १९९९ ची ५६ विधानांची प्रश्नावली यासाठी जगभर वापरतात. तीन, जगण्याचा वेग : माणसं किती भरभर चालतात, खिडकीवरचं काम किती वेळात होतं. चार, मनातल्या मनात वेळ कुठल्या दिशेनं मांडला जातो. दक्षिण अमेरिकेतल्या आयमारा भाषेत भूतकाळ डोळ्यांपुढे असतो आणि भविष्य पाठीमागे, हे राफाएल नुन्येझ आणि ईव्ह स्वीट्सर यांनी २००६ मध्ये मांडलं. ऑस्ट्रेलियातल्या पॉर्मपुराऊ वस्तीतली माणसं घटनांची चित्रं पूर्वेकडून पश्चिमेकडे लावतात, म्हणजे बसायची दिशा बदलली की चित्रांची रांगही फिरते. हे २०१० चं काम लेरा बोरोडित्स्की आणि अ‍ॅलिस गॅबी यांचं.

या चारांपैकी तुमच्या वाट्याला काय आलंय, ते लेखी मागून घ्या. साधनं वेगळी, माणसं वेगळी, लागणारा वेळही वेगळा. पहिल्या खेपेला आम्ही हे विचारलंच नाही. ‘सगळंच थोडं थोडं’ असा संच आला. एका माणसामागे सव्वा तास जात होता, आणि चाळिसाव्या मिनिटाला लोक शेरडं सोडायची आहेत म्हणून उठून जात होते.

पायरी २ : होकार देण्याआधीची बोलणी

इथं फार घोळ नको, चार प्रश्न पुरेत. लेखकांत नाव कुणाकुणाचं आणि कशाच्या आधारावर? (‘क्रेडिट’ नावाची १४ भूमिकांची यादी आता रूढ आहे, तीच वापरूया म्हणा.) गृहीतकं आधी नोंदवून ठेवलीत का? ओएसएफसारख्या (संशोधनाच्या नोंदी ठेवणाऱ्या) संकेतस्थळावर तारखेसह नोंद झालेली असली की नंतर कुणी गोलपोस्ट हलवत नाही. कच्ची माहिती आपल्यालाही मिळणार का? आणि भाषांतर करताना एखादी कसोटी आपल्याकडे चालत नाही असं दिसलं, तर ती बदलायचा अधिकार कुणाकडे?

चौथ्या प्रश्नाला ‘तसं काही होणार नाही’ असं उत्तर आलं तर मी पुढे जात नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या सायकॉलॉजिकल सायन्स अ‍ॅक्सिलरेटरसारख्या प्रयोगशाळांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यांत निदान भाषांतराची रीत ठरलेली असते. व्यक्तिगत ओळखीतून आलेल्या प्रकल्पात ती आपणच मागावी लागते. पैशांचं एक : परदेशी निधी कॉलेजच्या साध्या खात्यात मागवता येत नाही, त्याला परकीय अंशदान कायदा लागू होतो. झेरॉक्स आणि प्रवासाचा खर्च इथूनच निघतो का ते बघा. आमचा निघाला.

पायरी ३ : नीतिमत्ता समिती

आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं समोर ठेवून अर्ज करा. विषय आरोग्याकडे झुकत असेल तर परदेशी सहभागामुळे आणखी एक छाननी लागते का, हे समितीकडून लेखी घ्या. या विषयातली खास मेख वेगळीच आहे. ‘तुम्ही इथं येऊन किती वेळ झाला असेल?’ असा मागे वळून बघणारा प्रश्न विचारायचा, तर तो येणार आहे हे आधी सांगता येत नाही. सांगितलं की माणूस मनात घड्याळ लावतो. एवढी लपवाछपवी समितीला मोकळेपणानं सांगा आणि काम संपल्यावर माणसालाही सांगा. हा प्रश्न एका माणसाला एकदाच विचारता येतो, तोही सगळ्यात आधी.

माहिती परदेशी पाठवताना नाव आणि मोबाइल नंबर काढला की झालं असं समजू नका. ‘वय ७४, गलाई (सोनं-चांदी गाळण्याचा) व्यवसाय, अमुक गाव’ एवढ्यावर विट्याकडचा कुणीही माणूस ओळखेल. गावाऐवजी तालुका लिहा, वयाऐवजी वयोगट.

पायरी ४ : भाषांतर (निम्मा वेळ इथंच जाणार, जाऊ द्या)

रीत सगळ्यांना माहीत असते. दोघांनी स्वतंत्रपणे मराठी करायचं, तिसऱ्यानं मेळ घालायचा, मूळ न पाहिलेल्या चौथ्यानं उलट इंग्रजी करायचं, मग ताडून बघायचं. रीत चांगली आहे, पण तिच्यात एक भोक आहे. ‘या कालावधीचे अनुमान करा’ हे वाक्य आमच्याकडे उलट भाषांतरात तंतोतंत परत आलं. दोन्ही बाजूंना प्राध्यापकच होते. मग कवठेमहांकाळकडच्या एका बाईंना ते वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “अनुदानाचं काय म्हणताय?” दोन शिकलेली माणसं त्या बाईंच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलत होती, एवढंच सिद्ध झालं. म्हणून उलट भाषांतरानंतर आठ-दहा जणांना प्रत्येक वाक्य ऐकवून ‘तुम्हाला काय समजलं, तुमच्या शब्दांत सांगा’ असं विचारणं, ही या रीतीतली पाचवी पायरी कधीही गाळू नका.

आता आपल्या भाषेतले खड्डे. मला सापडलेले सांगतो, तुम्हाला आणखी सापडतील.

‘वेळ’ हा शब्दच घ्या. ‘वेळ गेला’ म्हटलं तर अवधी सरला. ‘वेळ गेली’ म्हटलं तर मुहूर्त टळला, बस चुकली. तो वेळ आणि ती वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ‘काळ आला होता पण वेळ आली नव्हती’ म्हणणाऱ्या माणसाला तिसरीही ठाऊक आहे. प्रश्नावलीत कुठं पुल्लिंग आणि कुठं स्त्रीलिंग हवं, ते एकेक वाक्य धरून ठरवा.

‘परवा’ मागचाही असतो आणि पुढचाही. बोलताना क्रियापद सांभाळून घेतं, पण तक्त्याच्या रकान्यात नुसतं ‘परवा’ छापलंत तर गोंधळ ठरलेला. ‘मघाशी’ला उलट भाषांतर करणारा काहीतरी ठिगळ लावतो आणि ‘आजच, थोड्या वेळापूर्वी’ यातला ‘आजच’ गळून जातो.

सगळ्यात मोठा खड्डा बुधवारच्या मीटिंगचा. वेळेच्या दिशेवरच्या अभ्यासात हा प्रश्न फार लाडका आहे. इंग्रजीत विचारतात की बुधवारची बैठक दोन दिवस ‘फॉरवर्ड’ सरकवली, तर आता ती कधी? इंग्रजी बोलणारे साधारण निम्मे सोमवार म्हणतात, निम्मे शुक्रवार. स्वतः वेळेतून चालत जातोय असं वाटणारा शुक्रवार सांगतो, वेळ आपल्याकडे येतोय असं वाटणारा सोमवार. मराठीत ‘बैठक दोन दिवस पुढे ढकलली’ म्हणा आणि सांगलीच्या एसटी स्टँडवर कुणालाही विचारा, शुक्रवार. ‘अलीकडे घेतली’ म्हणा, सोमवार. आपल्या वाक्प्रचारात संदिग्धता उरतच नाही, त्यामुळे प्रश्नाचा जीवच जातो. आमच्या पहिल्या खेपेत तो तसाच छापला गेला. सगळ्यांचं उत्तर एकच आलं. तिकडच्या सहकाऱ्याला वाटलं, काय विलक्षण शोध लागला! तो शोध ‘ढकलणे’ या क्रियापदाचा होता.

दुसऱ्या खेपेला आम्ही हा प्रश्न काढायला लावला आणि चित्रांची कार्डं घेतली : फुलोरा, हिरवे मणी, पिकलेला घड, बेदाणा. तासगावच्या माणसाला हा क्रम समजावून सांगावा लागत नाही. एकच घडामोड चार टप्प्यांत दिसली पाहिजे, एवढंच बघा. कार्डं लावताना माणूस कोणत्या दिशेला तोंड करून बसलाय ते लिहा, मग दिशा बदलून पुन्हा लावायला सांगा. लिपीचा हात इथं दिसतो : हिब्रू वाचणारे घटना उजवीकडून डावीकडे लावतात, असं दिसून आलेलं आहे. मिरजेत उर्दू शाळेत शिकलेली आणि मराठी शाळेत शिकलेली माणसं एकाच गल्लीत भेटतात, तेव्हा शिक्षण कुठल्या लिपीत झालं ते विचारायला विसरू नका. परदेशी सहकाऱ्याला हे सुचणार नाही.

वृत्तीच्या प्रश्नावलीत दैवाधीनतेची विधानं असतात. आपल्याकडे त्यांना फसवी मान डोलावली जाते. पीकविम्याचा हप्ता भरून, पोराला शिकवणी लावून आलेला शेतकरी ‘देवाच्या मनात असेल तसं’ याला ‘पूर्ण सहमत’ सांगतो. तो बोलायचा रिवाज आहे. २०१४ मध्ये २४ देशांतली उत्तरं एकत्र तपासली तेव्हा ५६ पैकी ३६ विधानंच सगळीकडे बऱ्यापैकी टिकली. त्यामुळे एखादं विधान आपल्याकडे लंगडं पडलं तर लाजू नका, कळवा.

आणि जत तालुक्यात कन्नड बोलणारी घरं पुष्कळ आहेत. मराठी प्रश्नावली घेऊन तिथं जाणं म्हणजे आपणच परदेशी होणं.

पायरी ५ : माणसं निवडणं

मानसशास्त्राचा बराचसा अभ्यास पाश्चात्त्य, शिकलेल्या, सधन समाजातल्या माणसांवर उभा आहे, अशी टीका हेनरिक, हाइने आणि नोरेंझायन यांनी २०१० मध्ये केली. सांगलीतल्या कॉलेजच्या पोरांना वर्गात बसवून ‘भारतीय नमुना’ पाठवला, तर आपण त्याच टीकेत भर घालतो. ज्यांचा दिवस वेगवेगळ्या गोष्टींनी बांधलेला आहे अशी माणसं घ्या. कुपवाड एमआयडीसीतला पाळीवर जाणारा कामगार, मार्केट यार्डातला हळदीचा हमाल, मिरजेतली रात्रपाळीची नर्स, दूध घालायला पहाटे उठणारी बाई. गळीत हंगामात बीडकडून आलेल्या ऊसतोड टोळ्या असतात. त्यांना घेतलंत तर ते सांगलीकर म्हणून मोजू नका, आणि कोपीवर (त्यांच्या झोपडीवर) जायचं तर मुकादमाला बाजूला ठेवूनच संमती घ्या.

दिवस ठरवताना आपलं कॅलेंडर तिकडच्या लोकांना आधी पाठवा. जानेवारी ते मार्च द्राक्षवाल्याला गाठू नका. गलाईवाले गावात भेटतात ते यात्रेला. जिथं शेतीपंपाची लाइट अजून पाळीनं येते, तिथं ‘काल रात्री दारं धरायला गेला होता का?’ हा प्रश्न लागतोच. रात्रभर पाण्यात उभा राहिलेला माणूस सकाळी सेकंदांचा अंदाज कसा देणार?

वय हा वेगळाच प्रश्न. म्हाताऱ्या माणसांचं आधार कार्डावरचं १ जानेवारी किंवा १ जून खरं मानू नका. ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुम्ही किती मोठ्या होता?’ असं विचारा. ११ डिसेंबर १९६७ ची ती पहाट या पट्ट्यात बहुतेकांच्या घरी लक्षात आहे. ‘पाळण्यात होते’ म्हणाल्या की दोन-तीन वर्षांच्या फरकानं वय लागतं. पुढे बहात्तरचा दुष्काळ आहेच. महापुराबद्दल मात्र वेळेचे प्रश्न जपून. ‘२०१९ ला पाणी किती दिवस होतं?’ हा शास्त्राच्या दृष्टीनं छान प्रश्न आहे, पण ज्याचं घर गेलं त्याला तो आपण उगाच विचारायचा नाही.

पायरी ६ : प्रत्यक्ष कसोटी

सेकंदांच्या कसोटीचे तीन प्रकार असतात. अंदाज : दिवा लागतो-विझतो, किती सेकंद झाले ते सांगा. निर्मिती : इतके सेकंद झाले असं वाटलं की बटण सोडा. पुनर्निर्मिती : दिवा जितका वेळ लागला होता, तितकाच वेळ बटण दाबून धरा.

पहिल्या खेपेला पहिल्या प्रकारावरच आमची भिस्त होती. सत्तरीच्या एका आज्जींशी झालेलं बोलणं माझ्या वहीत आहे.

“आज्जी, दिवा लागल्यापासनं विझेपर्यंत किती वेळ गेला?”

“लई न्हाई. च्याला आधण यावं एवढा.”

“म्हंजे किती सेकंद?”

“तूच सांग की बाळा. धा म्हण.”

खरं अंतर २३ सेकंदांचं होतं. आम्ही इमानदारीत ‘१०’ लिहिलं. तिकडे तो आकडा इतर देशांच्या आकड्यांशेजारी जाऊन बसला असता आणि ‘ग्रामीण भारतातल्या वृद्धांना अंतर निम्म्याहून कमी भासतं’ असं वाक्य तयार झालं असतं. सहज म्हणून त्याच आज्जींच्या हातात बटण दिलं आणि तेवढाच वेळ दाबून धरायला सांगितलं. त्यांनी धरलं, ओठ घट्ट मिटून, नजर बटणावर. सुटलं तेव्हा मूळ अंतराच्या अगदी जवळ होतं. वेळ त्यांना नीट कळत होता, ‘सेकंद’ हे माप त्यांच्या रोजच्या वापरातलं नव्हतं. तेव्हापासून शिक्षण कमी असलेल्या गटात मी पुनर्निर्मिती मुख्य ठेवतो आणि अंदाज घेतलाच तर जोडीला.

काही बारीकसारीक गोष्टी. अंतरं गोल आकड्यांची घेऊ नका. ७, १३, २३, ४१ अशी घ्या, कारण लोक ‘दहा’, ‘अर्धा मिनिट’ अशा खुंट्यांवर उत्तर टांगतात. उत्तराला खऱ्या अंतरानं भागा : २३ ला ३० म्हटलं तर १.३०. निर्मितीत हे उलटं चालतं, हे गणित करणाऱ्या विद्यार्थ्याला दोनदा सांगा. आतलं घड्याळ भरभर चालत असेल तर अंदाज फुगतो आणि निर्मिती आखडते, म्हणजे २३ सांगितले तर १८ लाच हात सुटतो. एकाच माणसाचे दोन आकडे विरुद्ध दिशेला गेले म्हणून फाइल चुकलीय असं समजू नका.

मोजणं थांबवणं हे खरं युद्ध. पोरं ओठांत ‘एक, दोन’ म्हणतात. एक निवृत्त गुरुजी खिशात माळ ओढत होते, एका मण्याला एक नाम, आणि त्यांचे अंदाज सगळ्यांत अचूक! ‘मनात मोजू नका, पायानं ताल धरू नका, जप करू नका’ असं स्पष्ट सांगा आणि शेवटी न रागावता विचारा, ‘तरी मोजलंत का?’ खरं सांगतात.

खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ उतरवा, मनगटावरचं पाकिटात घाला, मोबाइल बंद. छताच्या पंख्याचा ‘टक टक’ आवाज येत असेल तर खोली बदला. शाळेत बसला असाल तर तासाची घंटा आधी विचारून घ्या. ऊनही लिहा, म्हणजे खोलीचं तापमान. हडसन होगलंड यांनी १९३३ मध्ये तापानं फणफणलेल्या बायकोला सेकंद मोजायला लावले आणि ताप चढला की तिचं मोजणं भरभर होतं, असं दाखवलं. एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या खोलीत घेतलेलं उत्तर आणि नॉर्वेतल्या वातानुकूलित प्रयोगशाळेतलं उत्तर शेजारी ठेवायचं असेल, तर निदान पारा किती होता ते माहीत हवं.

मोबाइलवर कसोटी घेताना काही सेकंदांच्या अंतराला स्क्रीनची दिरंगाई फारशी बाधत नाही. सेकंदाच्या आतली अंतरं असतील तर मात्र सगळ्यांना एकच हँडसेट वापरा. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक चित्र जवळपास १७ मिलिसेकंद टिकतं, आणि बोटाचा स्पर्श ओळखायला लागणारा वेळ मॉडेलप्रमाणे बदलतो.

पाच पातळ्यांचं ‘सहमत-असहमत’ ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी आम्ही पाच पेले ठेवले, रिकाम्यापासून काठोकाठ भरलेल्यापर्यंत. बोट ठेवायचं, बस्स. तरी ‘तुमी म्हंता त्ये बराबरच हाय की’ म्हणत प्रत्येक वेळी भरल्या पेल्यावर बोट ठेवणारे भेटतात, म्हणून काही विधानं उलटी घाला. दुहेरी नकार मात्र टाळा.

पायरी ७ : नोंदी

इथं आमच्या निम्म्या तारखा गेल्या होत्या. सर्व्हर जागतिक वेळ लिहितो, आपण तिच्या साडेपाच तास पुढे. डेअरीवर पहाटे पाच वाजता घेतलेली मुलाखत आदल्या दिवशीच्या तारखेनं नोंदली गेली. त्यात एकानं ४/५ म्हणजे ४ मे लिहिलं, तिकडच्यानं ते ५ एप्रिल वाचलं. महिना अक्षरांत लिहा आणि स्थानिक वेळेचा वेगळा रकाना ठेवा.

दुसरी वही केंद्राची रोजनिशी. लाइट गेली, शेजारी हळदीचा कार्यक्रम होता, सून मध्येच येऊन उत्तरं सांगू लागली, सरपंच खुर्ची ओढून बसले. परदेशी सहकाऱ्याला मी ही वही भाषांतरासह पाठवतो. आकड्यांपेक्षा तिच्यावरच जास्त प्रश्न येतात.

पायरी ८ : निष्कर्ष वाचताना

देशांची सरासरी शेजारी ठेवण्याआधी मापनसमानता (सगळीकडे एकच गोष्ट एकाच मापानं मोजली गेली का) तपासली का, ते विचारा. विधानांची जुळणी दोन्हीकडे सारखी आहे का, प्रत्येक विधानाचं वजन सारखं आहे का, आणि शून्याची खूण एकाच जागी आहे का. तिसरी अट पुरी झाली नसेल तर सरासरींची तुलना करायची नाही. मसुद्यावर हे लाल शाईनं लिहायला केंद्रप्रमुखानं कचरू नये.

रॉबर्ट लेव्हिन आणि आरा नोरेंझायन यांनी १९९९ मध्ये ३१ देशांचा वेग मांडला : ६० फूट चालायला लागणारा वेळ, टपालाचं तिकीट मिळायला लागणारा वेळ, बँकांतल्या घड्याळांची अचूकता. स्वित्झर्लंड सगळ्यात वेगवान, मेक्सिको सगळ्यात संथ. त्या यादीत भारत नव्हताच. तरी ‘आपल्या लोकांना वेळेची किंमत नाही’ हे वाक्य चहाच्या टपरीपासून चर्चासत्रापर्यंत शास्त्राच्या नावावर खपतं. ‘आलोच पाच मिनिटांत’ म्हणून अर्ध्या तासानं येणारा माणूस बँकेच्या खिडकीवर मात्र मिनिटं मोजत असतो. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत गाव टीव्ही-मोबाइल बाजूला ठेवतं. कुठल्या चौकटीत बसवणार हे?

शेवटचं काम गावात परत जाण्याचं. निष्कर्ष दोन पानांत सोप्या मराठीत लिहा, एक प्रत ग्रामपंचायतीत द्या आणि चावडीवर वाचून दाखवा. निमंत्रणावर ‘सायं. ७.०० वा.’ छापू नका, ‘दिवेलागणीनंतर, जेवणाच्या आधी’ असं तोंडी सांगून या. वडगावला जायचं असेल तर साडेआठचा भोंगा होऊ द्या. आणि आज्जी विचारतील, “मग माजं बराबर आलं का न्हाई?” आमच्या आज्जींना मी आधण आलेला चहा पीत पीत सांगितलं की तुमचा हात सुटला तो अगदी ऐन वेळेला.